महसूल, तहसील, हशील: अरबी धातूचा फारसीतून माग कसा काढावा

'महसूल', 'तहसील' आणि 'त्यात काय हशील?' मधला 'हशील' हे तिन्ही शब्द एकाच अरबी धातूचे आहेत. मराठीत ते अरबीतून थेट आले नाहीत. फारसी ही दरबाराची आणि दफ्तराची भाषा होती, तिच्या कारकुनांनी ते इथवर आणले. वाटेत त्यांचे उच्चार बदलले आणि अर्थही बदलले. असा शब्द हाती आला की त्याचे मूळ आणि अर्थांचा प्रवास कसा शोधायचा, हे याच तीन शब्दांवर टप्प्याटप्प्याने पाहू. अरबी किंवा फारसी येत नसली तरी चालेल. लिपीतली अक्षरे ओळखण्यापुरती तयारी मात्र लागते, आणि ती थोड्या दिवसांच्या सरावाने होते.

आधी साहित्य गोळा करा

एक वही घ्या आणि पानावर चार रकाने आखा: मराठी, हिंदुस्थानातली फारसी, इराणची फारसी, अरबी. फारसीचे दोन रकाने का, हे पुढे कळेल. आरंभी बहुतेक जण एकच रकाना आखतात आणि नेमके तिथेच चुकतात.

कोश निदान चार हवेत. मराठीसाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७). त्यात शब्दापुढे अरबी, फारसी, हिंदुस्थानी, संस्कृत अशी मूळ भाषेची खूण असते. हिंदुस्थानातल्या वापरासाठी प्लॅट्सचा उर्दू कोश (१८८४), फारसीसाठी स्टाइनगासचा कोश (१८९२) आणि अरबीसाठी हान्स वेअरचा कोश. मोल्सवर्थ, प्लॅट्स आणि स्टाइनगास शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. सोबत माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांचा १९२५चा फार्शी-मराठी कोश मिळाला तर उत्तम. मराठी वाचकासाठी या विषयात त्याच्याइतके नेमके साधन दुसरे नाही.

पायरी १: स्वर बाजूला ठेवा, व्यंजने उतरवा

अरबी शब्दाचा जीव व्यंजनांत असतो. बहुतेक धातू तीन व्यंजनांचे असतात आणि स्वर साच्यानुसार बदलतात. म्हणून शब्द आधी सोलून घ्या: महसूल म्हणजे म-ह-स-ल, तहसील म्हणजे त-ह-स-ल, हशील म्हणजे ह-श-ल. तिन्हींत सामाईक उरते ते ह, स किंवा श, आणि ल. हा झाला संशयित धातू.

आता खरी अडचण येते. देवनागरीतल्या एका अक्षरामागे अरबीची दोन-तीन, कधी पाच अक्षरे दडलेली असतात:

स मागे सीन, साद किंवा से.
ह मागे घशातला मोठा हा (जीमच्या आकाराचा, पण बिंदू नसलेला) किंवा साधा गोल हा.
त मागे ते किंवा तोय.
ज मागे जीम, किंवा ज़े, ज़ाल, ज़ाद, ज़ोय या चारांपैकी एक.
क मागे काफ किंवा कंठातला क़ाफ.
अ, आ मागे अलिफ किंवा ऐन.

हा गोंधळ मराठीने केलेला नाही. फारसी बोलणाऱ्यांनी सीन, साद आणि से या तिघांचा उच्चार आधीच एकसारखा 'स' केला होता आणि ज़े, ज़ाल, ज़ाद, ज़ोय या चारांचा 'ज़'. भेद उरला तो फक्त लिहिण्यात. त्यामुळे मराठी शब्द कितीही बारकाईने ऐकला तरी मूळ अक्षर कळत नाही. त्यासाठी शब्दाचे फारसी किंवा उर्दू लेखन पाहावेच लागते. प्लॅट्समध्ये 'महसूल' उघडला की दिसते: मीम, मोठा हा, साद, वाव, लाम. मीम आणि वाव साच्याचे आहेत, ते का गळतात हे चौथ्या पायरीत कळेल. उरतो धातू: मोठा हा, साद, लाम. यापुढे तो ह-स-ल असा लिहू.

एक आडाखा उपयोगी पडतो. से, मोठा हा, साद, ज़ाद, तोय, ज़ोय, ऐन आणि क़ाफ यांपैकी एखादे अक्षर शब्दात असेल तर तो बहुधा अरबी असतो. पे, चे, झे आणि गाफ ही अक्षरे अरबीत नाहीत, म्हणून ती असतील तर शब्द अरबी नव्हे. 'बहुधा' हा शब्द मात्र विसरू नका. शंभरासाठीचा 'सद' फारसीत सादने लिहितात, पण शब्द अस्सल फारसी आहे. साठ या संख्येसाठीचा 'शस्त' हाही तसाच.

सात-बाराच्या उताऱ्याभोवती रोज ऐकू येणारी एक जोडी या पायरीचे महत्त्व चांगले दाखवते. 'जमीन' फारसी आहे, तिचा ज म्हणजे ज़े. 'जामीन' अरबी आहे, त्याचा ज म्हणजे ज़ाद, आणि त्याचा अर्थ हमी घेणारा. एकाच व्यवहारात शेजारी येत असल्या तरी या दोन शब्दांचे एकमेकांशी काही नाते नाही.

पायरी २: मराठीने केलेले बदल उलटे फिरवा

'हशील'मध्ये श आहे आणि 'महसूल'मध्ये स. मग दोघांत एकच साद कसा? उत्तर मराठीच्या उच्चारनियमात आहे. इ, ई किंवा ए पुढे आला की मराठी जीभ स चा श करते. सिपाही झाला शिपाई, सिक्का झाला शिक्का, सिलाहदार झाला शिलेदार, वसीला झाला वशिला, तफसील झाला तपशील. त्याच नियमाने हासिल झाला हशील. 'महसूल'मध्ये स नंतर ऊ आहे, म्हणून तो तसाच राहिला. 'वसूल', 'सुभा', 'साहेब' यांतही स टिकला, तो याच कारणाने.

मग 'तहसील'मध्ये ई असूनही स कसा? हा कागदावरचा, कचेरीतला शब्द आहे. कागद मूळ लेखन धरून ठेवतो, बोलणे धरून ठेवत नाही. म्हणूनच 'तहशील', 'तहशिलदार' ही रूपे बोलण्यात आणि जुन्या छपाईत भरपूर सापडतात. ती अज्ञानातून आलेली नाहीत, मराठीच्या नियमाला धरूनच आहेत. आजचे प्रमाण लेखन 'तहसील', 'तहसीलदार' असे आहे. कोशात शोधताना मात्र दोन्ही रूपे शोधा, नाहीतर अर्धा पुरावा हातातून निसटेल. 'हशील'साठी हाशील, हांशील आणि हासील हीही रूपे तपासा.

आणखी दोन बदल लक्षात ठेवा. फ चा प होतो (तफसील, तपशील). शब्दाच्या शेवटचा श कधी स होतो: सिफारिश या एकाच शब्दात पहिल्या स चा श झाला आणि शेवटच्या श चा स, म्हणून आपण म्हणतो शिफारस.

पायरी ३: फारसी जोड काढून टाका

'तहसीलदार' हा शब्द अरबी कोशात शोधून काही उपयोग नाही. 'तहसील' अरबी आहे आणि 'दार' फारसी, 'दाश्तन' म्हणजे धारण करणे या क्रियापदातला. जोड उतरवली की मूळ शब्द उघडा पडतो. दार, खाना, गिरी, नीस, बे-, ना- आणि शेवटचा ई हे नेहमीचे जोड आहेत. अरबी शब्दाला फारसी शेपूट लागलेले दिसले की तो फारसीतून आला याचा तो चांगला पुरावाही असतो. वहीत त्याची वेगळी नोंद करा.

अरबी शब्दांच्या शेवटी येणाऱ्या एका स्त्रीलिंगी प्रत्ययाची फारसीत दोन रूपे होतात, एक 'त' आणि एक 'अ' किंवा 'ए'. मराठीने ती तशीच उचलली. 'किंमत', 'मुदत', 'दौलत' यांतला त आणि 'कायदा', 'फायदा', 'मामला' यांतला शेवटचा आ, दोन्ही तो एकच प्रत्यय. धातू मोजताना हा त धरू नका.

पायरी ४: साचा ओळखा

धातूच्या तीन व्यंजनांवर अरबी भाषा ठरलेले साचे चढवते आणि साचा बदलला की शब्दाचे काम बदलते. अरबी व्याकरणकार फ-अ-ल ही तीन अक्षरे नमुना म्हणून घेऊन साच्यांना नावे देतात. मराठीत आलेल्या शब्दांसाठी तीन साचे पक्के केले तरी मोठा भाग उलगडतो.

पहिला 'फाअिल'. पहिल्या व्यंजनानंतर आ, दुसऱ्यानंतर इ. अर्थ करणारा, होणारा. ह-स-लपासून हासिल, म्हणजे जे हाती आले ते. याच साच्यातले मराठीतले शब्द: जामीन, वारस (मूळ वारिस), हजर (हाज़िर), दाखल (दाख़िल). मराठीने यांतला आ किंवा इ कधीकधी गाळला आहे, त्यामुळे साचा लगेच दिसत नाही.

दुसरा 'मफऊल'. पुढे म, दुसऱ्या व्यंजनानंतर ऊ. अर्थ ज्यावर क्रिया झाली ते. महसूल म्हणजे मिळवले गेलेले. मंजूर, मशहूर, मजकूर, मजबूत हे याच घरचे.

तिसरा 'तफईल'. पुढे त, दुसऱ्या व्यंजनानंतर ई. अर्थ जोर देऊन किंवा घडवून केलेली क्रिया, तिचे नाम. तहसील म्हणजे मिळवण्याचे, गोळा करण्याचे काम. तपशील, तजवीज, तालीम, तारीख हे याच साच्यातले. 'तालीम' आणि 'तारीख' यांत एक व्यंजन हरवल्यासारखे वाटेल. तालीममध्ये ते ऐन होते (तअलीम), तारीखमध्ये हम्ज़ा, म्हणजे गळ्यात श्वास क्षणभर अडवून होणारे व्यंजन. दोन्हींचा उच्चार फारसीत विरला आणि त्यांच्या जागी 'ता' लांबला. म्हणून 'त'नंतर लांब आ आणि पुढे ई दिसली, तर पहिले व्यंजन ऐन किंवा हम्ज़ा असावे असा कयास बांधा आणि कोशात पडताळा.

साचा जुळला म्हणजे शब्द अरबी ठरला असे नाही. 'मजूर' ऐकायला थेट मंजूर-मशहूरच्या रांगेतला वाटतो, पण तो फारसी 'मुज़्दूर' आहे. 'मुज़्द' म्हणजे मोबदला, त्याला लागलेला फारसी प्रत्यय, आणि पुढे मराठीत झीज. साच्यानंतर धातू कोशात सापडलाच पाहिजे. तो सापडत नसेल तर साच्याचा मोह सोडा.

पायरी ५: कोशात योग्य ठिकाणी शोधा

फारसी आणि उर्दू कोश शब्दाच्या पहिल्या अक्षराने लावलेले असतात: महसूल मीममध्ये, तहसील तेमध्ये, हासिल मोठ्या हामध्ये. हान्स वेअरसारखा अरबी कोश धातूनुसार लावलेला असतो. तिथे तिन्ही शब्द एकाच जागी भेटतात: मोठा हा, त्यात साद, त्यात लाम. नवशिका मीम चाळत बसतो, महसूल तिथे मिळत नाही आणि शब्द अरबी नाहीच असे तो ठरवून टाकतो. ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे.

फारसी कोशाबद्दलही एक सावधगिरी हवी. इराणमध्ये आज ऱ्हस्व इ चा उच्चार ए कडे आणि उ चा ओ कडे झुकतो: तिकडे हासेल, मोहस्सेल, होसेले म्हणतात. हिंदुस्थानात फारसी आली ती जुन्या, पूर्वेकडच्या उच्चाराने, म्हणून आपल्याकडे हासिल. आजच्या इराणी उच्चारावरून मराठी रूप समजावू गेलात तर स्वर जुळणार नाहीत.

पायरी ६: अर्थ प्रत्येक मुक्कामावर वेगळा लिहा

इथे सर्वाधिक वेळ द्या. मराठी अर्थावरून उडी मारून अरबी अर्थ गाठायचा नाही. प्रत्येक मुक्कामावर शब्दाचे काय काम होते ते लिहायचे, आणि बदल नेमका कोणत्या मुक्कामावर झाला ते ठरवायचे.

अरबीपासून सुरुवात करा. जुने अरबी कोशकार तहसीलचा अर्थ सांगताना टरफलातून गर काढणे, खाणीच्या दगडातून सोने काढणे, काडातून गहू वेगळा करणे ही उदाहरणे देतात. म्हणजे धातूच्या मुळाशी नुसते 'मिळणे' नाही. निवडून, वेगळे करून शेवटी हाती उरते ते, हा गाभा आहे. कुराणात हा धातू एकदाच येतो, १००व्या सूरेच्या १०व्या आयतीत: अंतःकरणात जे आहे ते बाहेर काढले जाईल. तिथेही दडलेले बाहेर काढणे हाच अर्थ.

आजच्या अरबीत ह-स-लचे साधे क्रियापद घडणे आणि मिळणे या दोन्ही अर्थांनी चालते. 'काय झाले?' विचारायलाही ते वापरतात. महसूल म्हणजे पीक, उत्पन्न. तहसील म्हणजे रक्कम गोळा करणे, तसेच शाळेतली विद्यार्थ्याची प्रगती. हस्साला म्हणजे पैसे साठवायचा डबा. गणितात बेरजेचे उत्तर आणि गुणाकार सांगायला 'हासिल' वापरतात. तर्कशास्त्रात 'तहसीलु-ल-हासिल' असा एक नेमका प्रयोग आहे: जे आधीच हाती आहे तेच पुन्हा मिळवणे, म्हणजे ज्यातून नवे काही निघत नाही असे विधान.

आता इराण. तिथे महसूल म्हणजे शेतातले पीक आणि कारखान्यातले उत्पादनही. हासेल म्हणजे फलित, निष्पत्ती. सुपीक जमिनीला 'हासेलखीज़' म्हणतात, ज्यातून पीक उगवून येते अशी. पण तहसील म्हणजे शिक्षण. 'तहसीलकर्दे' म्हणजे शिकलेला, मोहस्सेल म्हणजे विद्यार्थी. मराठी वाचक इथे थबकतो, कारण आपल्या मनात तहसील म्हणजे कचेरी.

हा फरक समजून घेण्यासाठी अख्खा वाक्प्रयोग शोधा. 'तहसील'ला कर्म लागते: कशाची तहसील? ज्ञानाची केली तर 'तहसील-ए-इल्म', धनाची केली तर 'तहसील-ए-माल'. इराणमध्ये पहिल्या प्रयोगाचा दुसरा भाग गळाला आणि नुसत्या तहसीलला शिक्षणाचा अर्थ चिकटला. हिंदुस्थानातल्या फारसीत कारकुनांच्या तोंडी दुसरा प्रयोग होता. त्याचेही कर्म गळाले आणि नुसत्या तहसीलचा अर्थ सरकारी वसुली झाला. अर्थ उलटला वगैरे काही नाही. दोन ठिकाणी दोन वेगळी कर्मे गाळली गेली, एवढेच.

हे पडताळायचे दोन मार्ग आहेत. इराणमध्येच सफवी आणि काजार राजवटींच्या काळात मुहस्सिल हा कर गोळा करणारा माणूस होता. तोच शब्द आज विद्यार्थ्यासाठी आहे. शिवाय कंपन्यांची येणी गोळा करणाऱ्या नोकराला इराणमध्ये आजही तहसीलदार म्हणतात. दुसरा पडताळा तुर्कीत मिळतो. तिथे 'तहसील' आजही शिक्षण आणि वसुली या दोन्ही अर्थांनी जिवंत आहे. तिसऱ्या भाषेत दोन्ही अर्थ एकत्र नांदताना दिसले की फाटा कुठे फुटला याबद्दलचा तर्क बळकट होतो. शक्य असेल तेव्हा अशी शेजारची भाषा तपासाच.

हिंदुस्थानातल्या फारसीच्या रकान्यात आणखी एक नोंद करा. मोगल हिशेबात 'जमा' आणि 'हासिल' या दोन वेगळ्या रकमा असत. जमा म्हणजे आकारलेली, ठरवलेली रक्कम. हासिल म्हणजे प्रत्यक्ष हाती आलेली. निवडून शेवटी उरते ते, हा जुना अरबी गाभा इथे दफ्तरी भाषेत शाबूत दिसतो. महसूल मात्र पीक या अर्थाकडून पिकावरच्या कराकडे सरकला. उर्दूत महसूल म्हणजे कर. अफगाणिस्तानच्या दरी फारसीतही जकातीला महसूल म्हणतात. म्हणजे हा बदल मराठीत झालेला नाही, आपल्याकडे शब्द आला तोच कराचा अर्थ घेऊन.

मराठीचा स्वतःचा हातभार 'हशील'मध्ये आहे. जुन्या वापरात हाशील म्हणजे कर, जकात, सरकारी उत्पन्न. आज तो अर्थ गेला. उरला तो फायदा, अर्थ, निष्पन्न, आणि तोही बहुतेक वेळा प्रश्नात किंवा नकारात: 'भांडून काय हशील?', 'त्यात काही हशील नाही.' 'मला हशील झाले' असे कोणी म्हणत नाही. हे बारकावे कोशात क्वचित मिळतात, पण नोंदीत ते असायला हवेत.

पायरी ७: सारख्या दिसणाऱ्यांना वेगळे करा

पैशाच्या आणि हिशेबाच्या शब्दांत ह-स-लसारखे दिसणारे बरेच शब्द आहेत. एकेक पारखून घ्या.

'वसूल'चा धातू व-स-ल, मूळ अर्थ पोहोचणे. रक्कम पोहोचली म्हणजे वसूल झाली. 'महसूल वसूल झाला' हे ऐकायला एकाच धातूचे दोन शब्द वाटतात, पण पहिला मिळवण्याचा आणि दुसरा पोहोचण्याचा. 'असल'चा धातू हम्ज़ा-स-ल, अर्थ मूळ. 'फसल' आणि 'तपशील' यांचा फ-स-ल, अर्थ वेगळे करणे, विभाग पाडणे. या सगळ्यांत साद आणि लाम तेच आहेत. बदलते ते फक्त पहिले व्यंजन, आणि तेवढ्याने धातू वेगळा होतो.

'हिस्सा'चा धातू ह-स-स. 'हिशेब'चा ह-स-ब, आणि त्यातला स सादही नाही, सीन आहे. दोन व्यंजने जुळली म्हणून नाते जोडू नका.

सर्वांत फसवी जोडी 'हौस' आणि हिंदी-उर्दूतला 'हौसला'. 'हौस' अरबी 'हवस'वरून आला, त्यातला हा गोल आहे. 'हौसला'मधला हा मोठा आहे, पुढे साद आणि लाम. अरबीत 'हौसला' म्हणजे पक्ष्याच्या गळ्यातली दाणे साठवायची पिशवी, आणि जुने अरबी कोशकार हा शब्द ह-स-लच्याच प्रकरणात देतात. फारसीत पिशवीच्या मावण्याच्या शक्तीवरून धीर, सहनशक्ती असा अर्थ आला. इराणमध्ये कंटाळा आला की 'होसेले संपले' अशा अर्थाचा प्रयोग करतात. उर्दू-हिंदीत पुढे हिंमत हा अर्थ झाला. म्हणजे महसुलाचा दूरचा नातलग हौसला आहे, हौस नाही.

संस्कृतकडे ओढणाऱ्या व्युत्पत्तीही तपासून पाहा. 'महसूल' म्हणजे 'महा' अधिक 'शुल्क' असे कोणाला सुचले, तर दोन प्रश्न विचारा. शुल्कमधला क कुठे गेला? प्राकृतात 'शुल्क'चे 'सुक्क' होते, म्हणजे ल जातो आणि क टिकतो. महसूलमध्ये बरोबर उलटे आहे. आणि तहसील, हशील या भावंडांचे काय करायचे? जी व्युत्पत्ती एकाच शब्दापुरती चालते आणि कुटुंबाला लागू पडत नाही, ती सोडून द्या.

पायरी ८: प्रदेश आणि काळ नोंदवा

मराठी हा एकच प्रदेश धरून चालत नाही. मुंबई इलाख्यात तालुक्याचा महसूल अधिकारी मामलेदार होता. मराठवाडा हैदराबाद संस्थानात आणि विदर्भ मध्य प्रांतात, तिथे तहसीलदार हे पद चालत असे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ ने राज्यभरासाठी तहसीलदार हे नाव घेतले. पश्चिम महाराष्ट्रात जुन्या पिढीच्या तोंडी मामलेदार कचेरी राहिली, आणि गोव्यात आजही तालुक्याचा महसूल अधिकारी मामलेदारच आहे. 'मामला' आणि 'तालुका' हेही अरबी, पण धातू वेगळे. तालुक्याला विदर्भात तहसील म्हणण्याची सवय आहे. म्हणून जुन्या कागदात 'तहसील' दिसला तर तो वसुलीचे काम, कचेरी की प्रदेश, हे संदर्भावरून ठरवा. तीन अर्थ आहेत आणि ते याच क्रमाने आले: आधी काम, मग ते काम करणाऱ्याची कचेरी, मग तिच्या हाताखालचा मुलूख.

महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, म्हणून महाराष्ट्रात त्या दिवशी महसूल दिन पाळतात. जुन्या नोंदीतले साल लावताना हे ध्यानात असू द्या.

पायरी ९: नोंद लिहा

नोंद थोडक्यात लिहा, पण काही गाळू नका. आधी शब्द, लिंग आणि सामान्यरूप: महसूल, पुल्लिंगी, महसुलाचा (शेवटच्या अक्षराआधीचा दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो), तहसील, स्त्रीलिंगी. फारसीत लिंगच नाही आणि अरबीत तहसील पुल्लिंगी आहे, त्यामुळे ही लिंगे मराठीने आणि शेजारच्या हिंदुस्थानीने दिलेली आहेत. त-ई साच्याचे शब्द आपल्याकडे बहुधा स्त्रीलिंगी होतात (तारीख, तालीम, तजवीज), पण तपशील पुल्लिंगी आहे, म्हणून प्रत्येक शब्द वेगळा तपासा.

मग मूळ अक्षरे नावाने लिहा, कारण देवनागरीत ती कळत नाहीत. मग धातू, साचा, साच्याने दिलेला अर्थ. नंतर मुक्कामागणिक अर्थ आणि बदल कुठे झाला ते. शेवटी मराठीतली रूपभेदांची यादी आणि प्रदेश. महसूलची नोंद अशी होईल:

महसूल, पु. मीम-हा (मोठा)-साद-वाव-लाम. अरबी धातू ह-स-ल, निवडून हाती येणे. मफऊल साचा: मिळवलेले. अरबी आणि इराणी फारसी: पीक, उत्पन्न. हिंदुस्थानी फारसी: पिकावरचा कर, जकात. मराठी: सरकारी सारा, आता शासनाचे कोणतेही उत्पन्न. साधित: महसुली. नातलग: तहसील, हशील.

सरावाला आधी 'मजकूर' घ्या. म-ऊ साचा स्पष्ट आहे, ज मागे ज़ाल आहे, धातू ज़-क-र, अर्थ उल्लेख करणे. फारसी दफ्तरात 'उल्लेख केलेला, सदर'. जुन्या मराठी कागदांत 'मौजे मजकूर', 'साल मजकूर' याच अर्थाने. आजचा 'लिहिलेला भाग' हा अर्थ त्यापुढचा. त्यानंतर 'तक्रार' घ्या. धातू क-र-र, अरबीत आणि इराणमध्ये अर्थ पुन्हा पुन्हा करणे, उर्दूत भांडण, मराठीत गाऱ्हाणे. इथे साचा तफईल नाही, त्याचा जवळचा 'तफआल' आहे, आणि अर्थ वळला तो हिंदुस्थानच्या रकान्यात. या दोन नोंदी जमल्या की 'तालीम' घ्या: शिकवण्यापासून आखाड्यापर्यंत आणि नाटकाच्या सरावापर्यंत त्याचे चारही रकाने भरतात.